ऑइलचा ब्रँड चालकाला खरोखर कळतो का?

"अमुक कंपनीचे ऑइल टाकले आणि गाडी लोण्यासारखी पळू लागली," हे वाक्य सोलापुरात कोणत्याही गॅरेजवर ऐकायला मिळते. शेजारचा दुसरा चालक तितक्याच खात्रीने दुसऱ्या कंपनीचे नाव घेतो. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजापूरचा रस्ता या शहरात एकत्र येतात. ट्रक, टेम्पो, रिक्षा, गॅरेज आणि स्पेअर पार्टची दुकाने यांवर येथील असंख्य घरे चालतात व आमच्या वाचकांतही या धंद्यातले लोक पुष्कळ आहेत. म्हणून हा वाद नुसत्या गप्पांचा नाही, खिशाचा आहे.

१९९० च्या दशकात हा धंदा खुला झाल्यापासून दुकानाच्या फळीवर नावांची गर्दी झाली. सर्व्हो, एचपी, मॅक, कॅस्ट्रॉल, गल्फ, व्हीडॉल, व्हॅल्वोलिन यांतले कोणते घ्यावे? चालकाला यांतला फरक हाताला, कानाला कळतो का? आमचे उत्तर असे की, फरक कळतो; पण तो बहुधा ब्रँडचा नसतो.

डब्यावरचे आकडे

डब्यावर २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यूचा आकडा थंडीत ऑइल किती वाहते ते सांगतो. दुसरा आकडा शंभर अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ते किती दाट राहते ते सांगतो. काश्मीरमध्ये पहाटे गाडी सुरू करणाऱ्याला पहिला आकडा फार महत्त्वाचा. चाळीस अंशांच्या वर तापणाऱ्या सोलापुरात दुसऱ्याकडे अधिक लक्ष हवे.

यात एक बारकावा आहे. '४०' या वर्गात १२.५ पासून १६.३ सेंटिस्टोकच्या आतले कोणतेही ऑइल बसते. म्हणजे दोन कंपन्यांचे '४०' नंबरचे ऑइल सारखेच दाट असेल असे नाही. ते बदलल्यावर कोणाला इंजिनाचा आवाज किंचित वेगळा वाटला, तर तो भ्रमच असेल असे आम्ही म्हणणार नाही. पण तो फरक दाटपणाचा आहे, नावाचा नव्हे.

हाताला कोठे कळते?

मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट बहुधा एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्यामुळे गिअर पडताना पायाला फरक जाणवतो. कारसाठी बनवलेले, घर्षण कमी करणारे ऑइल त्यात टाकले तर क्लच घसरू शकतो. इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही. यासाठीच १९९८ साली जपानमध्ये 'जासो एमए' हे मानक ठरले. दुचाकीच्या डब्यावर ते पाहून घ्यावे.

जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांची ब्रँडवरची श्रद्धा समजण्यासारखी आहे. तेथे ऑइल पेट्रोलबरोबर जळत असे. ऑइल बदलले की धूर आणि प्लगवरची काजळी डोळ्यांना दिसे. फोर-स्ट्रोक इंजिनात ते आतल्या आत फिरते, जळण्यासाठी नसते. समज मात्र जुना राहिला.

फसगत कोठे होते?

ऑइल बदलण्याच्या दिवशी मिस्त्री एअर फिल्टर झाडतो, टॅपेट बसवतो, चेन ताणतो, टायरची हवा पाहतो. गाडी हलकी पळते आणि श्रेय मिळते डब्याला. शिवाय तुलना होते ती हजारो किलोमीटर चालून पातळ झालेल्या, घाण धरलेल्या जुन्या ऑइलशी. त्याच्यापुढे कोणतेही ताजे ऑइल गुळगुळीतच वाटणार.

अॅव्हरेजचेही तसेच आहे. दाट ऑइलऐवजी पातळ ऑइल वापरले तर इंधनात एक-दोन टक्के बचत होऊ शकते. पण ती प्रयोगशाळेत, इंजिन एका गतीने चालवून मोजावी लागते. लिटरला तीस किलोमीटर जाणारी रिक्षा धरली तर एक टक्का म्हणजे तीनशे मीटर. विजापूर वेशीतल्या गर्दीत अडकलात की त्याहून जास्त फरक पडतो.

आमच्या गावचा चादर विणणारा कारागीर सुताला हात लावून ते जाड की बारीक ते सांगतो, कारण सूत त्याच्या बोटांत असते. ऑइल दोन बोटांत चोळून पाहणाऱ्याला ही सोय नाही. बोटांवर ते कोमट असते, इंजिनात शंभर अंशांच्या आसपास. तसेच डिझेल गाडीत ऑइल लवकर काळे पडले म्हणजे ते वाईट, हाही गैरसमज आहे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे.

एक सोपी परीक्षा

ज्यांना आपल्या अंदाजाची खात्री आहे त्यांनी परीक्षा द्यावी. एकाच स्टँडवरच्या, एकाच मॉडेलच्या पाच रिक्षा घ्या. दोन कंपन्यांचे एकाच नंबरचे, एकाच दर्जाचे ऑइल आणा. प्रत्येक गाडीत कोणते जाईल ते गॅरेजवाल्याने नाणे उडवून ठरवावे आणि गुपचूप लिहून ठेवावे. चालकाने पट्टी काढून रंग पाहायचा नाही, गाडीचे दुसरे कोणतेही काम त्या वेळी करायचे नाही. आठवड्याने प्रत्येकाने आपल्या गाडीत कोणते नाव आहे ते सांगावे. पाचही उत्तरे नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता बत्तिसात एक आहे. पाचही बरोबर आली तर ब्रँडवाल्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल. दोन-तीन आली, तर तो नाण्याचाच खेळ समजावा.

खरा धोका

मग ब्रँडला अर्थच नाही का? आहे, पण वेगळा. सोलापुरी चादरीचे नाव लावून भलताच माल विकला जातो, हे दुखणे आम्हा सोलापूरकरांना नवे नाही. ऑइलमध्येही रिकाम्या डब्यात वापरलेले, गाळलेले ऑइल भरून विकणारे असतात. वाईट म्हणजे, असे ऑइलही पहिले काही दिवस ठीकच चालते. चालकाला काही जाणवत नाही; बेअरिंग आणि बोअर मात्र आतून झिजत राहतात. ज्या दिवशी जाणवते त्या दिवशी इंजिनाचे काम निघते आणि रिक्षावाल्याची कित्येक दिवसांची कमाई जाते. म्हणजे हाताच्या अंदाजावर विसंबणे सर्वांत महाग पडते ते येथेच.

म्हणून आमची सूचना अशी. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला नंबर आणि एपीआय दर्जा पाहावा. तो जुळणारे, माहितीच्या दुकानातले, सीलबंद ऑइल कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचे घ्यावे आणि ठरलेल्या किलोमीटरला बदलावे. पावती मागावी. गॅरेजवाल्यांनी गिऱ्हाइकासमोर सील फोडावे आणि रिकामा डबा भोक पाडून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. काढलेले ऑइल गटारात न ओतता किंवा फेरीवाल्याला न विकता परवानाधारक पुनर्प्रक्रिया कारखान्याकडे द्यावे. कायदाही तेच सांगतो. महाग डब्याची शिफारस करून मिळणाऱ्या कमिशनपेक्षा, येथे माल खरा मिळतो हा लौकिक गॅरेजला जास्त गिऱ्हाईक आणून देईल.