उताणी अळंबी

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेल्या कुणालाही ‘फंजिया’ विचारून बघा, लगेच आठवेल. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत स्पॉटिंगच्या टेबलावर तो हमखास असायचा. पांढरी, बशीएवढी चुन्याची तबकडी आणि तिच्या मधल्या चिरेपासून कडेपर्यंत गेलेल्या पातळ उभ्या पट्ट्या. ओळखायला सोपा, म्हणून मुलांचा लाडका. नाव लिहायचं, वर्गीकरण लिहायचं, दोन लक्षणं लिहायची, घंटा वाजली की पुढचं टेबल. मीही वर्षानुवर्षं तसाच शिकवला. एकदा कपाट आवरताना तो सहज उपडा ठेवला, भिंग हाताशी होतं म्हणून खालची बाजू पाहिली, आणि लक्षात आलं की त्याची ओळख पटवणारं बरंच काही आपण कधी बघितलंच नव्हतं.

आधी नावाचं बघू. लॅटिनमध्ये अळंबीला ‘फंगस’ म्हणतात, त्यावरून फंजिया. पावसाळ्यात उगवणाऱ्या अळंबीची छत्री उलटवून पाहिली तर खालून तशाच बारीक पट्ट्या दिसतात. फंजियात त्या वर असतात. म्हणजे ही उताणी पडलेली अळंबी. लिनियसने 1758 साली ‘सिस्टिमा नॅच्युरी’च्या दहाव्या आवृत्तीत तिला ‘माद्रेपोरा फंगायटिस’ म्हटलं. लामार्कने 1801 साली ‘फंजिया’ ही वेगळी प्रजाती केली आणि ‘फंजिया फंगायटिस’ हे आजचं नाव तयार झालं.

रूढ वर्गीकरणात तिचा संघ निडारिया, म्हणजे जेलीफिश आणि समुद्रफुलांचा. वर्ग अँथोझोआ, उपवर्ग हेक्झाकोरॅलिया, गण स्क्लेरॅक्टिनिया, कुल फंजीइडी. ‘हेक्झा’ म्हणजे सहा. या प्रवाळांचं शरीर सहाच्या हिशेबाने घडतं. चुन्याच्या पट्ट्यांची पहिली फेरी सहांची, दुसरी सहांची, तिसरी बारांची, मग चोवीस, असं वाढत जातं. आपल्याकडे अंगठीत जे लाल पोवळं घालतात ते या घराण्यातलं नव्हे. पोवळ्याच्या जिवाचा हिशेब आठाचा, त्याचा उपवर्गच निराळा. दोन्हींना आपण प्रवाळच म्हणतो, एवढंच.

मला सर्वांत नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. प्रवाळ म्हटलं की डोळ्यांसमोर वसाहत येते, काही मिलिमीटरच्या हजारो जिवांनी मिळून बांधलेला खडक. फंजिया फंगायटिस ही वसाहत नाही. ती अख्खी तबकडी म्हणजे एकच पॉलिप, एकच प्राणी. मधली चीर हे त्याचं एकमेव तोंड. आणि असा एकटा जीव 30 सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकतो, म्हणजे मोठ्या भाकरीपेक्षाही रुंद. जिवंतपणी पांढरा सांगाडा दिसत नाही. त्यावर मांसल थर असतो, बहुधा तपकिरी, कधी जांभळट किंवा गुलाबी. त्या थराच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उन्हातून बनवलेलं अन्न त्याला देतं. आखूड, विरळ शुंडकं बहुधा रात्री बाहेर येतात.

वाळूत सुटा पडलेला दिसला, तरी हा जीव जन्मभर मोकळा नसतो. पोहणारा डिंभ खडकावर बसतो, तिथे त्याला देठ फुटतो, देठाच्या टोकाला तबकडी रुंदावत जाते. या वयात तो खरोखर अळंबीसारखाच दिसतो. पुढे देठाजवळचा चुना विरघळून सांधा कमजोर होतो आणि तबकडी गळून वाळूत पडते. उरलेल्या देठावर पुन्हा नवी तबकडी येऊ शकते. लहान नमुन्याच्या पोटाशी मधोमध एक गोल व्रण दिसतो, तो या सुटकेचा. वय वाढलं की तो बुजत जातो.

आमच्या कपाटातल्या नमुन्यावर व्रण जेमतेम दिसत होता. त्याच्याभोवती कडेपर्यंत गेलेल्या रांगांमध्ये असंख्य काटे होते. जात ठरते ती या काट्यांवरून आणि वरच्या पट्ट्यांच्या दातांवरून. फंगायटिसचे दात त्रिकोणी, टोकदार असतात आणि खालचे काटे शंकूच्या आकाराचे, गुळगुळीत. आमच्या नमुन्याच्या काट्यांवर भिंगाखाली बारीक दाणे दिसले, साबुदाण्याच्या पापडावर असतात तसे. म्हणजे तो फंगायटिस नव्हता. लेबलावर मात्र ठळक अक्षरांत ‘फंजिया’.

लेबल लिहिणाऱ्याची चूक नव्हती. एके काळी अशा कित्येक जाती फंजियातच गणल्या जात. नेदरलँड्सच्या बर्ट होक्सेमा यांनी 1989 साली या कुलाचा सविस्तर अभ्यास सांगाड्यावरून प्रसिद्ध केला, तेव्हाही फंजिया ही मोठी प्रजाती होती, पोटात अनेक उपप्रजाती घेऊन. मग जनुकं तपासली गेली. 2011 साली गिटेनबर्गर, रेइनेन आणि होक्सेमा यांनी नवी मांडणी केली, तिच्यात फंजियामध्ये एकटी फंगायटिस उरली. बाकीच्या जाती डॅनाफंजिया, प्लुरॅक्टिस, लोबॅक्टिस, लिथोफायलॉन, सायक्लोसेरिस अशा प्रजातींत गेल्या. उलटही घडलं. खडकाला पसरून चिकटलेली, अनेक तोंडांची, अळंबीशी काहीच साम्य नसलेली दोन प्रवाळं वेगळ्याच कुलांत नोंदलेली होती. 2012 साली ती सायक्लोसेरिसमध्ये, या घराण्यात परत आली. सांगाडा बघून बांधलेला अंदाज किती ठिकाणी बरोबर होता आणि किती ठिकाणी चुकला, हे मुलांना दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आज या कुलात पन्नासच्या आसपास जाती आहेत. हर्पोलिथा लांबट, मधल्या पन्हाळीत ओळीने तोंडं असलेली. हॅलोमिट्रा घुमटासारखी. हेलिओफंजियाची लांब शुंडकं दिवसाही फुललेली असतात, त्यामुळे ती समुद्रफूलच वाटते.

मोकळेपणाची किंमतही मोठी आहे. लाट उलटवते, वाळू गाडते. तेव्हा हा जीव अंगात पाणी भरून फुगतो, चिकट स्राव आणि केसांसारख्या पक्ष्माभिकांनी वाळू झटकतो. लहान तबकड्या अशा फुगण्या-आकसण्याने हळूहळू सरकतात, उलट्या पडल्या तर सुलट्याही होतात. खाण्यातही तो भित्रा नाही. 2009 साली तांबड्या समुद्रात एलातजवळ डॅनाफंजियाच्या एका जातीने अख्खे जेलीफिश गिळल्याची नोंद झाली. जपानच्या ओकिनावाजवळ लोया आणि साकाई या संशोधकांनी या कुलातल्या दोन जातींवर खुणा करून लक्ष ठेवलं, तेव्हा त्या वर्षागणिक लिंग बदलत असल्याचं 2008 साली प्रसिद्ध झालं. प्रवाळांत असं आढळल्याचं तोवर माहीत नव्हतं.

भारतात अळंबी प्रवाळं पाहायची तर लक्षद्वीप किंवा अंदमानला जावं. तिथल्या पुळणीवर पांढरी तबकडी मिळाली तर हातात घ्यावीशी वाटेल, मलाही वाटली होती. पण 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडासुद्धा घरी आणणं गुन्हा आहे. बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा.

नवे नमुने आता कुठल्या कॉलेजला मिळणार नाहीत, मिळूही नयेत. जुने आहेत ते मात्र वाया घालवू नका. तुम्ही प्राणिशास्त्र शिकवत असाल, तर उद्या कपाटातला फंजिया काढा, उपडा करा, मुलांच्या हातात भिंग द्या आणि काट्यांवर दाणे आहेत की नाहीत ते त्यांनाच सांगू द्या. दाणे दिसले, तर लेबल बदला.