डाव्या हाताची गिटार: स्वतः बनवायची की विकत आणायची?



शिळफाट्यावरून एका तरुणाचा प्रश्न आलाय. शिळफाटा म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा, खोपोलीचा. कल्याण-मुंब्र्याकडचा नव्हे, दोन्हींची गल्लत नेहमी होते. हा तरुण फर्निचरचं काम करतो, हातात राउटर आहे, प्लायवूड आणि सागवान दोन्ही रोज हाताळतो. तो डावखुरा आहे आणि त्याला इलेक्ट्रिक गिटार शिकायचीय. दुकानांत विचारलं तर सगळीकडे उजव्या हाताची. डाव्या हाताची मागवून देऊ म्हणतात, पण रंग-मॉडेल निवडता येणार नाही आणि आगाऊ पैसे भरावे लागतील. त्याने विचारलंय, "सर, लाकडाचं काम मला येतंच. मीच बनवली तर? आणि जमली तर तोच धंदा केला तर?"

प्रश्न मला फार आवडला. 'बनवायचं की विकत घ्यायचं' हा विषय मी मसाल्यांवर, पॅकिंगवर, कॅटरिंगच्या भांड्यांवर समजावत आलोय. गिटारवर तो जितका स्वच्छ दिसतो तितका दुसऱ्या कशावर दिसत नाही. पण आधी एक गोष्ट सुटी करू. त्याला वाजवायला गिटार हवीय, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न. गिटार विकायचीय, हा कारखानदाराचा. एकाच डोक्यात दोघं बसले की हिशेब हमखास चुकतो, कारण गिऱ्हाईक स्वतःचे कष्ट फुकट धरतं आणि कारखानदाराला ते परवडत नाही.

वाजवण्याचा मुद्दा आधी घेऊ. डावखुऱ्या माणसाला डाव्या हाताचीच गिटार लागते का? नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि बॅटिंग करायचा उजव्या हाताने. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर डावखुरा आहे, पण गिटार उजव्या हाताची वाजवतो. गिटारमध्ये दोन्ही हातांना कामं आहेत, त्यामुळे अगदी कोऱ्या विद्यार्थ्याने उजव्या हाताने महिनाभर करून बघायला हरकत नाही. पैसे लागत नाहीत, मित्राची गिटार चालते. महिन्यानंतरही ताल धरणारा हात सारखा डावाच पुढे येत असेल तर ओढाताण करू नका. तुम्हाला डावीच गिटार हवी.

दुसरा रस्ता जिमी हेंड्रिक्सचा. तो उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरायचा आणि तारांचा क्रम बदलून लावायचा. १९६९ च्या वुडस्टॉकमध्येही तसंच. ऐकायला सोपं वाटतं, पण तारा उलट्या लावल्या की 'नट' बदलावा लागतो. नट म्हणजे मानेच्या टोकाला असलेली, खाचांची छोटी पट्टी. नेहमीच्या संचात सर्वांत जाड तार साधारण १.१७ मिलिमीटरची आणि सर्वांत बारीक तार ०.२५ ची असते. जाड तारेच्या खाचेत बारीक तार बसवली तर ती खडखडते, आणि बारीक तारेच्या खाचेत जाड तार बसतच नाही. शिवाय बॉडीचा खोलगट काप वरच्या बाजूला जातो, त्यामुळे वरच्या फ्रेटपर्यंत बोटं पोचायला त्रास. आवाजाच्या कळाही नेमक्या हाताच्या कोपराखाली येतात. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला तो याचसाठी: दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे उलटा धरला तरी वेडाविद्रा दिसत नाही. आमच्या मित्राला हा धडा पुढे कामाला येणार आहे.

तिसरा रस्ता, विकत घ्या. यामाहाच्या पॅसिफिकासारख्या सुरुवातीच्या मालिकांमध्ये डाव्या हाताची मॉडेलं निघाली आहेत. खोपोलीहून लोकलने सीएसएमटीला उतरून धोबी तलावला चालत जाता येतं. तिथलं फुर्टाडोस हे वाद्यांचं दुकान १८६५ पासूनचं आहे. पण फोन करून, डावी गिटार आज हातात घेऊन बघता येईल का हे विचारूनच निघा. नाहीतर जाण्या-येण्यात दिवस जातो आणि पदरात नुसता कॅटलॉग पडतो.

आता स्वतः बनवण्याचा हिशेब. हे आकडे समजुतीसाठी घेतलेत. तुमच्या बाजारातले भाव त्यांच्या जागी टाका. समजा तयार मान ६,०००. पिकअप, ब्रिज, खुंट्या, वायरिंग मिळून ६,५००. लाकूड २,०००. रंग-पॉलिश १,५००. झाले १६,०००. फ्रेट घासायच्या कानशी, नटाच्या खाचेच्या बारीक कानशी, सरळ पट्टी वगैरे हत्यारं ५,०००. इथपर्यंत सगळे लिहितात. पुढची ओळ कोणी लिहीत नाही: पहिल्या गिटारला आठ दिवस लागले आणि फर्निचरच्या कामात दिवसाला ९०० सुटतात, तर ७,२०० रुपयांचं काम सोडलं. एकूण २८,२००. तेवढ्यात, किंबहुना कमीत, तयार डावी गिटार आली असती तर 'स्वस्तात पडेल म्हणून बनवतो' हे कारण तिथेच संपलं. वर दोन वर्षांनी शिकणं सुटलं तर नाव असलेल्या कंपनीची गिटार विकता येते. तुमच्या पहिल्या गिटारला मात्र गिऱ्हाईक फक्त सुट्या भागांचे पैसे देईल.

आता कोणी ब्रायन मेचं उदाहरण देईल. क्वीन या बँडचा हा गिटारवादक. (ज्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, तोच बँड.) १९६३ मध्ये त्याने वडिलांबरोबर घरीच गिटार बनवायला घेतली. जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, मोटारसायकलच्या इंजिनातल्या स्प्रिंगा, विणकामाची सुई असं जे मिळेल ते वापरलं आणि तीच गिटार आयुष्यभर वाजवली. पण त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते, काम जवळपास दोन वर्षं चाललं, आणि कोणीच कोणाला मजुरी मागितली नाही. तो छंद होता, आणि छंदाला खतावणी नसते. तुमच्याकडे दोन वर्षं आणि असे वडील असतील तर अवश्य बनवा.

म्हणून वाजवण्यापुरतं माझं उत्तर सरळ आहे: विकत घ्या, वापरलेली मिळाली तर आधी ती. पण धंद्याच्या प्रश्नाचं उत्तर असं एका वाक्यात देता येत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे.

'बनवू की घेऊ' हा प्रश्न अख्ख्या गिटारला विचारायचाच नसतो, एकेका भागाला विचारायचा. मिरजेकडे बघा. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पण मिरजेचा कारागीर भोपळा स्वतः पिकवत नाही, तो पंढरपूर-सोलापूरकडच्या शेतकऱ्याकडून येतो. तारा बाहेरून येतात. कारागिराची कमाई त्याच्या हातातल्या त्या कामाची, जे दुसऱ्याला जमत नाही.

तसंच गिटारचे भाग सुटे करून बघू. मान घ्या. ६४८ मिलिमीटरच्या मापाच्या गिटारमध्ये पहिला फ्रेट नटापासून ३६.३७ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर असतो. प्रत्येक फ्रेटला उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. कपाटाच्या दारात एक मिलिमीटरचा फरक कोणी बघत नाही, पण विसाव्या फ्रेटला तोच एक मिलिमीटर कानाला खटकतो. शिवाय मानेच्या आत ट्रस रॉड हा लोखंडी दांडा असतो, आणि पावसाळ्यात मान वाकली तर जबाबदारी तुमची. मान विकतच घ्यायची. पिकअप, खुंट्या, पॉट, जॅकही विकत.

उरली बॉडी. आणि आता गंमत बघा. इलेक्ट्रिक गिटारमध्ये 'डावं-उजवं' नेमकं कशात असतं? पिकअप बहुतेक तेच चालतात. प्रत्येक तारेचं वेगळं सॅडल असलेला साधा, न हलणारा ब्रिज दोन्हीकडे चालतो. खुंट्या तीन-तीन अशा दोन बाजूंना असतील तर तीच मान उलट बाजूने चालते. नट बदलायचा आणि मानेच्या कडेवरचे खुणेचे ठिपके दुसऱ्या कडेला बसवायचे, एवढंच. आवाजाच्या कळेत थोडी मेख आहे: ती डाव्या हाताला सोयीच्या दिशेने फिरायला हवी असेल तर उलट्या टेपरचा पॉट मागवा. नेहमीच्या पॉटच्या नुसत्या वायरी उलटवल्या तर आवाजाचा सगळा फरक एका टोकाला गोळा होतो. हे सोडलं तर खऱ्या अर्थाने डावी असते ती बॉडीच. म्हणजे नेमका तोच भाग, जो फर्निचरवाल्याच्या राउटरला जमतो!

मोठ्या कंपनीला डावी गिटार का नको असते? माणसांत डावखुरे साधारण दहा टक्के, त्यातले काही उजव्या हाताने वाजवणारे. उरलेल्या थोड्यांसाठी प्रत्येक मॉडेल, प्रत्येक रंग वेगळा काढून गोदामात ठेवायचा, आणि तो विकला जाईपर्यंत पैसा अडकून राहायचा. दुकानदारही त्याच भीतीने माल भरत नाही. तुमच्या वर्कशॉपमध्ये मात्र प्लायचा साचा नुसता पालथा केला की डावी बॉडी. खर्च शून्य, गोदाम शून्य. मोठ्यांना जे परवडत नाही ते छोट्याला फुकटात जमतंय, अशी जागा धंद्यात रोज सापडत नाही.

पण म्हणून उद्याच दहा बॉड्या कापू नका. लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वादक आपले अँप्लिफायर आणि गिटार दुरुस्तीला आणायचे, काय बिघडतं ते त्याला रोज दिसायचं. त्याची सलग लाकडाची गिटार बाजारात आली १९५० मध्ये, आणि तिची मान चार स्क्रूंनी बसवलेली होती, म्हणजे बिघडली तर बदलता यावी. त्या चार स्क्रूंमुळेच आज शिळफाट्यावर मान विकत आणून बॉडी घरी बनवता येते. त्यामागे बारा वर्षांची दुरुस्ती आहे. आपल्याकडे दुरुस्तीला कमी लेखतात, पण दुरुस्तीत गिऱ्हाईक तुम्हाला पैसे देऊन शिकवतं.

आमच्या मित्राने म्हणून आधी दुरुस्तीच धरावी: उजव्या गिटारची डावी करून देणं. नवा नट, तारांचा क्रम, सॅडलची जुळणी, पट्टा अडकवायचं बटण दुसऱ्या बाजूला. भांडवल थोड्या कानशींचं, काम दिवसभराचं. अशा पाच-सहा गिटार हातून गेल्या की बॉडीतलं काय टोचतं, काय आडवं येतं हे कळेल. मग एक बॉडी ऑर्डरवर, निम्मा आगाऊ घेऊन. वरच्याच आकड्यांत दुसऱ्या गिटारला हत्यारांचा खर्च नाही आणि दिवस पाच धरले तर ती २०,५०० ला पडते. २५,००० ला विकली तर हातात ४,५००. त्यातून पोचवणं आणि वर्षभरात एकदा फुकट जुळणी करून देणं भागवायचं. नुसती बॉडी किंवा रूपांतर विकलं तर अडकणारा पैसा कितीतरी कमी. मी दुसरं निवडेन.

लाकडाबद्दल दोन शब्द. खोपोली घाटाच्या पायथ्याशी, पावसाळ्यात दारं फुगतात हे फर्निचरवाल्याला मी सांगायला नको. ताज्या चिरलेल्या लाकडाची बॉडी करू नका. जुन्या घराच्या सागवानी तुळया-चौकटी वर्षानुवर्षं वाळलेल्या असतात, त्या बघा. बॉडीची जाडी ४४-४५ मिलिमीटर लागते आणि साग जड पडतो, म्हणून आतून पोकळ्या काढाव्या लागतील. लॅकर जून ते सप्टेंबरमध्ये मारू नका, पांढरं पडतं. आणि नवं लाकूड वखारीतून बिलासहच घ्या. सागाच्या तोडीला परवानगी लागते, त्यामुळे शेजारच्या शेतातलं झाड स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका.

सर्वांत पहिलं काम मात्र राउटरला हात न लावता करायचंय. खोपोली, कर्जत, लोणावळा इथले गिटारचे क्लास शोधायचे, प्रत्येक सरांना भेटायचं आणि एवढंच विचारायचं: "तुमच्याकडे डावखुरं कोणी आहे का, आणि ते सध्या कुठल्या हाताने वाजवतं?"