डोळा चांगला, तरी दिसेना: असं का होतं?

विशी-तिशीतल्या माणसाला एका डोळ्याने दोन-चार दिवसांत धूसर दिसायला लागतं. डोळा फिरवला की आत दुखतं, लाल रंग फिका वाटतो. ‘नंबर वाढला असेल’ म्हणून माधवनगरहून सांगलीला जाणं पुढच्या आठवड्यावर जातं. पण चष्म्याचा नंबर असा चार दिवसांत वाढत नाही.

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस म्हणजे वायर समजा. तिच्यावरचं वेष्टन म्हणजे मायलिन. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून या नसेवर हल्ला करते आणि नस सुजते. हा ऑप्टिक न्यूरायटिस. सूज डोळ्याच्या मागे असेल, तर डोळा तपासताना सगळं नॉर्मलही दिसू शकतं.

मुळाशी मल्टिपल स्क्लेरोसिस असू शकतो, किंवा एनएमओ. दोन्ही वरून सारखे वाटतात. 2004 साली मेयो क्लिनिकच्या व्हांडा लेनन यांच्या गटाने एनएमओची खूण असलेली अँटिबॉडी रक्तात दाखवली. ती पेशींतून पाणी ने-आण करणाऱ्या अ‍ॅक्वापोरिन-4 या प्रथिनावर जाऊन बसते. हा फरक ओळखणं गरजेचं, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये दिलं जाणारं इंटरफेरॉन एनएमओ वाढवू शकतं.

आणि मेडिकलमधून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून खाऊ नका. 1992 च्या अमेरिकन चाचणीत नेहमीच्या डोसच्या नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत हा त्रास जास्त वेळा उलटला. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने नजर लवकर सुधारली.

तेव्हा दुखून नजर कमी झाली, तर त्याच दिवशी सांगली-मिरज गाठा. ‘नसेला सूज आहे का? एमआरआय, अँटिबॉडी टेस्ट लागेल का?’ एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.