आंतरजालीय दूरध्वनी संकेतनांचे आंतरकार्य

आंतरजालावरून (इंटरनेटवरून) होणाऱ्या दूरध्वनी संभाषणात आवाज वाहून नेणे आणि जोडणी जुळविणे ही कार्ये वेगवेगळी असतात. क्रमांक शोधणे, घंटा वाजविणे, जोडणी पक्की करणे व तोडणे यांसाठी उपकरणे परस्परांना जे ठराविक संदेश पाठवितात, त्यांस ‘संकेतन’ म्हणतात. दोन जाळ्यांची संकेतनाची नियमसंहिता (प्रोटोकॉल) भिन्न असल्यास त्यांचा मेळ घालण्याच्या योजनेस ‘आंतरकार्य’ अशी संज्ञा आहे.

प्रमुख संहिता तीन आहेत. पारंपरिक दूरध्वनी केंद्रांत सातव्या क्रमांकाची संकेतन पद्धती वापरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९६ मध्ये मान्य केलेल्या एच.३२३ या संहितेचे संदेश द्विमान अंकांच्या रूपात असतात, तर १९९९ मध्ये प्रसिद्ध व २००२ मध्ये सुधारित झालेल्या ‘सिप’ संहितेचे संदेश साध्या मजकुरात असतात. एच.३२३ मध्ये आवाजाच्या सांकेतिकरणाविषयीची बोलणी मूलतः जोडणीच्या संदेशांहून स्वतंत्रपणे होतात. सिपमध्ये ती माहिती बहुधा पहिल्या निमंत्रणासोबतच जाते. त्यामुळे मध्यस्थ यंत्रणेस केवळ शब्दास शब्द देऊन भागत नाही. एका बाजूचा संदेश थोपवून दुसरीकडील माहिती गोळा करावी लागते.

रिलायन्स जिओने ५ सप्टेंबर २०१६ रोजी भारतात सुरू केलेल्या चौथ्या पिढीच्या जाळ्यात आवाजासाठी सिपवर आधारलेली पद्धतीच योजलेली होती. अशा जाळ्यातील ग्राहकाने वाशिम जिल्ह्यातील रिसोडहून कारंजा येथील रुग्णालयाचा स्थिर दूरध्वनी लावला आणि पलीकडील केंद्र सातव्या क्रमांकाच्या पद्धतीचे असेल, तर सीमेवरील यंत्रणा सिपच्या निमंत्रणाचे ‘प्रारंभिक पत्ता संदेशा’त रूपांतर करते. घंटा वाजू लागल्याची सूचना सिपमध्ये १८० या अंकाने, तर दूरध्वनी उचलल्याची २०० या अंकाने परत येते. आवाजाचे रूपांतर वेगळे उपकरण करते. ते संकेतन-रूपांतरकाच्या आज्ञेत असते व त्यासाठी एच.२४८ संहिता वापरतात.

रूपांतरातील चूक ग्राहकास भोवते. पलीकडील क्रमांक व्यस्त असल्यास जुनी पद्धती १७ हे कारण कळविते. सिपमध्ये त्याचे ४८६ व्हावयास हवे. त्याऐवजी ‘क्रमांक अस्तित्वात नाही’ या अर्थाचे ४०४ गेले, तर रुग्णाचे नातेवाईक योग्य क्रमांक चुकीचा समजून प्रयत्न सोडून देतील. दूरध्वनी उचलल्याची सूचना अवेळी गेल्यास आकारणीही चुकीच्या क्षणी सुरू होते. म्हणून अशा कारणांच्या जोड्या २००२ मध्येच प्रमाणित करण्यात आल्या.

भारतात १ एप्रिल २००२ पासून आंतरजालीय दूरध्वनीस मर्यादित परवानगी मिळाली. देशातील सार्वजनिक दूरध्वनी जाळ्याशी जोडणीची मुभा मात्र तीत नव्हती. ती पुढे २०१८ मध्ये परवान्यांच्या स्पष्टीकरणाने मिळाली. यावरून असे दिसते की, आंतरकार्यास तांत्रिक मेळाइतकीच कायद्याच्या मान्यतेचीही आवश्यकता असते.