संगणकाच्या पडद्यावरील रंगांची पारख

सन १९३३ मध्यें प्रभात फिल्म कंपनीनें शांताराम यांच्या दिग्दर्शनाखालीं 'सैरंध्री' हा बोलपट रंगीत करण्याचा घाट घातला. रंगीत प्रती जर्मनींत छापून घेण्यांत आल्या. परंतु रंग भडक उतरले आणि प्रयोग फसला. रंग कसे साधले, हें प्रत छापून होईपर्यंत कळण्याची तेव्हां सोय नव्हती.

त्याच वर्षीं प्रभात कोल्हापुराहून पुण्यास आली. आज त्याच पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या कांठच्या खराडींत, एखादा संकलक घरीं बसून चित्रणाचे रंग क्षणांत पालटूं शकतो. साधन बदललें, प्रश्न मात्र राहिला. पडद्यावर दिसतो तो रंग खरा मानावा काय?

समजा, या संकलकापुढें एका विवाहाचें चित्रण आहे आणि त्याचा पडदा किंचित् निळसर आहे. नवरीची पिवळी अष्टपुत्री त्यास फिकी भासते, म्हणून तो चित्रांत पिवळेपणा वाढवितो. त्याच्या पडद्यावर सारें यथास्थित दिसूं लागतें. पण तेंच चित्र वधूच्या माहेरीं लावलें असतां मंडळी कावीळ झाल्यासारखीं दिसतात. पडद्याचा दोष असा उलटा होऊन चित्रांत कायमचा शिरतो.

हा दोष नुसत्या डोळ्यांनीं ओळखावा, तर डोळा फार लवकर सरावतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडांतील कागदही थोड्याच वेळांत त्यास पांढराच वाटतो. म्हणून पारखेचें काम यंत्राकडे सोंपवितात. प्रथम पडदा अर्धा तास चालूं ठेवून स्थिरावूं देतात. मग रंगमापक नांवाचें लहानसें यंत्र त्यास टेंकवितात. संगणक काळा, पांढरा, करड्याच्या पायऱ्या आणि तांबडा, हिरवा, निळा असे रंग एकामागून एक दाखवितो. मापक त्यांचें मोजमाप घेतें. दूरचित्रवाणीच्या रूढ प्रमाणांत पांढरा रंग सुमारें ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, आणि त्याचें तेज चौरस मीटरास सुमारें १०० कँडेला धरतात. प्रमाण व मोजमाप यांत जो फरक पडेल, त्यावरून दुरुस्तीचें कोष्टक तयार होतें.

खोलीचीही व्यवस्था लागते. काचेच्या मोठ्या खिडकींतून येणारा उजेड सकाळीं एक, सायंकाळीं दुसरा. म्हणून पडदे ओढून घ्यावे, भिंत करडी असावी आणि पडद्यामागें मंद, स्थिर, पांढरा प्रकाश ठेवावा. पडदा कालांतरानें पुन्हां ढळतो, यास्तव ही परीक्षा महिन्या-दोन महिन्यांनीं करणें इष्ट.

इतकें करूनही प्रेक्षकांचे पडदे सुधारत नाहींत. कोणाचा निळसर, कोणाचा तांबूस असावयाचाच. मग हा खटाटोप कशासाठीं? गिऱ्हाइकांच्या घरचीं मापें नाना प्रकारचीं असतात, म्हणूनच दुकानदाराचें वजन खरें असावें लागतें. मूळ चित्र प्रमाणास धरून असेल, तर प्रत्येक घरीं त्या घरच्या पडद्याचाच दोष दिसेल. त्यांत संकलकाच्या दोषाची भर पडणार नाहीं.