भिंतीची ओल आणि भाडेकरूचा हक्क

पावसाळा मध्यावर आला की अनेक घरांत एकच दृश्य दिसते. लहान मूल रात्रभर खोकत असते, आई त्याची पाठ चोळत बसलेली असते आणि खाटेमागच्या भिंतीवर बुरशीचे काळपट डाग छताकडे चढत असतात. खोकल्यावर औषध चालू असते. भिंतीचा विचार मात्र कोणी करत नाही. घर भाड्याचे असेल तर ‘आपले थोडेच आहे?’ असे म्हणून आपण गप्प राहतो.

ही ओल केवळ डोळ्यांना खुपणारी बाब नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमट घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, असे त्यांत नमूद आहे. लहान मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना त्याचा त्रास विशेष होतो. वरून रंग दिल्याने डाग झाकला जातो, ओल तशीच राहते. गच्ची, बाहेरच्या भिंतीची भेग किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर, जेथून पाणी झिरपते ती जागा दुरुस्त करणे हाच खरा उपाय होय.

तो कोणी करावा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळे मान्य केले नसेल, तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी सूचना देऊन, किमान १५ दिवसांच्या मुदतीनंतरही त्याने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. मासिक भाडे १२,००० रुपये असेल, तर वर्षाची मर्यादा ३६,००० रुपये होते. खर्चाचा हिशेब आणि पावत्या जपून ठेवणे अगत्याचे आहे. कारण वाद उद्भवल्यास त्याच आपला पुरावा ठरतात.

तक्रार केली म्हणून पाणी किंवा वीज तोडली जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. कलम २९ नुसार वाजवी कारणाशिवाय अशा अत्यावश्यक सेवा बंद करण्यास घरमालकाला मनाई आहे. भाडेकरूला त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते.

येथे एक सावधगिरी हवी. शहरांतील अनेक कुटुंबे आज अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत ती भाडेकरू नसून परवानाधारक ठरतात आणि त्यांचे हक्क मुख्यतः कराराच्या अटींवर अवलंबून असतात. त्यांनी वकिलाचा सल्ला घेतल्यावाचून दरमहाच्या रकमेतून परस्पर कपात करू नये. म्हणूनच सही करण्यापूर्वी ‘गळती, नळ, वीजजोडणी यांची मोठी दुरुस्ती घरमालक करील’ अशी अट करारात घालून घ्यावी. शक्य तर पावसाळ्यात घर पाहावे, कपाटामागच्या भिंतीला हात लावून पाहावा.

प्रत्येक डागाचे तारखेसह छायाचित्र काढा. फोनवर बोलणे झाले तरी तीच तक्रार पत्राने कळवा आणि पोच घ्या. इमारत गृहनिर्माण संस्थेची असेल आणि गळती गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होत असेल, तर सभासद या नात्याने घरमालकाने संस्थेकडे लेखी अर्ज करावा, असा आग्रह धरा. डॉक्टरांकडे गेल्यावर घरातील ओलीचा उल्लेख आवर्जून करा.

भाषा सौम्य ठेवावी. घरमालक हा शत्रू नव्हे, आणि वेळीच केलेली दुरुस्ती त्याचीही वास्तू वाचवते. पण सौजन्य म्हणजे मौन नव्हे. घर दुसऱ्याचे असले, तरी त्यात घेतला जाणारा श्वास आपल्या मुलाबाळांचा आहे.