मध्यरात्री सर्व्हर बिघडला, हे कळवायचं कुणी?

नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात ज्यांच्या कमरेला पेजर होता, त्यांना ती पद्धत आठवत असेल. निरोप द्यायचा तर सेवा केंद्राला फोन लावायचा, पेजरचा नंबर सांगायचा आणि मजकूर ऑपरेटरला तोंडी द्यायचा. माणसांपुरतं हे ठीक होतं. पण निरोप देणारा संगणकच असेल तर? मध्यरात्री सर्व्हरची डिस्क भरली की ते सर्वांत आधी तिथल्या प्रोग्रॅमला कळतं. तो ऑपरेटरशी बोलणार कसा?

अमेरिकेत यावर मोडेमचा उपाय होता. पेजिंग कंपनीच्या यंत्राला मोडेमवरून फोन करायचा आणि ‘टॅप’ या प्रोटोकॉलने मजकूर द्यायचा. लाइन एंगेज असली की निरोप अडकला. दुसरा मार्ग ईमेलचा. तो सोपा खरा, पण वाटेतला एखादा मेल सर्व्हर बंद असेल तर पत्र तासन् तास रांगेत पडून राहतं आणि पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातले अ‍ॅलन ग्विन यांनी जानेवारी १९९४ मध्ये ‘सिंपल नेटवर्क पेजिंग प्रोटोकॉल’ मांडला, तो याच अडचणीवर. टीसीपीच्या ४४४ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी केली की पेजिंग कंपनीचा गेटवे ‘२२०’ म्हणतो, म्हणजे मी तयार आहे. प्रोग्रॅम ‘पेज’ हा शब्द आणि पेजरचा नंबर पाठवतो. नंबर योग्य असेल तर ‘२५०’ येतं. मग ‘मेस’ आणि पुढे मजकूर; पुन्हा ‘२५०’. ‘सेंड’ म्हटलं की निरोप रवाना, ‘क्विट’ म्हटलं की संभाषण संपलं. नंबर चुकला तर ‘५५०’, गेटवेच अडचणीत असेल तर ‘४२१’ आणि जोडणी बंद. टेलनेट उघडून हे सगळं हातानेही टाइप करता येई. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही की नकार तिथल्या तिथे मिळतो. ‘५५०’ दिसताच प्रोग्रॅम ड्यूटीवरच्या दुसऱ्या माणसाचा नंबर लावू शकतो.

मात्र ‘२५०’चा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. गेटवेने निरोप स्वीकारला, एवढंच तो सांगतो. पेजर वाजला, असं तो म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. साधा पेजर फक्त ऐकतो. त्याच्यात ट्रान्समीटरच नसतो. त्याची बॅटरी संपलेली असो की तो तळघरात असो, प्रक्षेपण केंद्राला काहीच कळत नाही.

ऑक्टोबर १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने नेमकं इथे बोट ठेवलं. तोवर दुहेरी पेजर येऊ लागले होते. त्यांच्यासाठी निरोपाची स्थिती विचारण्याची सोय झाली : अजून रांगेत आहे, पोहोचला, वाचला, की उत्तर आलं. पाठवणाऱ्याला निरोपासोबत तयार उत्तरंही जोडता येत. घेणाऱ्याने त्यातलं एक निवडायचं.

सुरक्षिततेची बाजू मात्र लंगडी राहिली. मजकूर नेटवर्कवरून उघडाच जाई. पुढे हवेतही तेच. ‘पॉक्सॅग’सारख्या पेजर-संकेतांत गुप्तता नाही, आणि आज एखादा स्वस्त रेडिओ रिसीव्हर संगणकाला जोडून ते वाचता येतात. काही देशांच्या रुग्णालयांत पेजर अजून वापरात आहेत, तिथे रुग्णाचं नाव नि आजार अशा निरोपात घालणं मला गैर वाटतं.

आज हे निरोप मोबाइलवर येतात, पण ‘स्वीकारला’ आणि ‘माणसाने पाहिला’ यांतलं अंतर तसंच आहे. अलर्टची यंत्रणा उभारणाऱ्यांनी यशाच्या कोडवर थांबू नये. ड्यूटीवरच्या माणसाची पोच मागावी, आणि ती ठरलेल्या मिनिटांत आली नाही तर पुढच्याला उठवावं.